पाच पट रेझोल्यूशनचं खूळ

"आठ जीबी रॅम आहे तरी पीएसपीचा गेम अडकतोय" असं मला सारखं कुणी ना कुणी विचारतं, आणि फोन हातात घेऊन बघावं तर पीपीएसएसपीपीमध्ये (फोनवर पीएसपीचे, म्हणजे सोनीच्या जुन्या हातातल्या कन्सोलचे गेम चालवणारं ॲप) रेझोल्यूशन पाच पट करून ठेवलेलं असतं. अरे बाबांनो, पीएसपीची मूळ स्क्रीनच ४८० बाय २७२ ची होती! दुप्पट केलं की ९६० बाय ५४४, फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवर त्याच्यापुढे काय डोंबल फरक दिसणारे? फोन मात्र तव्यासारखा तापतो, तापला की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो, म्हणजे सुरुवातीला सगळं मस्त आणि मग आवाज तुटायला लागतो. रॅमचा काही संबंधच नाही हो, पहिल्या पीएसपीत अख्खी ३२ एमबी होती.

ॲपच्या सेटिंगमध्ये वल्कन (ग्राफिक्सचा पर्याय) चालू, रेझोल्यूशन दोन पट, फ्रेमस्किपिंग (मधली चित्रं गाळणं) बंद, बाकी कशाला हात लावू नका. आणि कोपऱ्यात ३० एफपीएस (सेकंदाला ३० चित्रं) दिसलं म्हणून रडू नका, कितीतरी गेम मुळातच ३० चे आहेत, स्पीडची टक्केवारी बघा, ती १०० असली की झालं.

पीएसपीला बायोसची (कन्सोलच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरची) फाइलसुद्धा लागत नाही. पीएस२ ला (प्लेस्टेशन २) लागते, आणि ती स्वतःच्या कन्सोलमधूनच काढायची असते (किती जण काढतात ते सोडा). तिथे फोनपण दणकट लागतो, स्नॅपड्रॅगन प्रोसेसर असेल तर बरं, माली ग्राफिक्स चिपवाल्या फोनमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरची रड असते. पीएस२ चे गेम चालवणारं एथरएसएक्स२ ॲप डिसेंबर २०२१ मध्ये आलं, काय भारी होतं, पण लोकांनी त्या डेव्हलपरला एवढा त्रास दिला, धमक्यासुद्धा, की २०२३ च्या सुरुवातीला त्याने काम बंदच केलं. फुकट देणाऱ्यालाच शिव्या! आता नेदरएसएक्स२ नावाचा पॅच एथरएसएक्स२ वरच चालतो.

टच बटणांवर टेकन (मारामारीचा गेम) खेळायचा हट्ट सोडा, ब्लूटूथ कंट्रोलर घ्या, साधा चालेल.

मला सध्या वेगळाच किडा चावलाय. २००९ मध्ये 'देसी अड्डा' नावाचा गेम आलेला, पीएस२ आणि पीएसपी दोन्हीवर, त्यात चक्क कबड्डी आणि विटीदांडू! कुणाच्या माळ्यावर ओरिजिनल डिस्क पडली असेल तर सांगा, योग्य भाव देतो.