तैलरंगाच्या नळ्यांची अडकलेली टोपणं: आतापर्यंतचं काम

जुन्या खोक्यातल्या बहुतेक नळ्या मोकळ्या झाल्या. बर्न्ट अंबर (मातीपासून बनणारा गडद तपकिरी) आणि व्हिरिडियन (निळसर हिरवा) मात्र अजून हलायला तयार नाहीत. अंबरचं नवल नाही. त्या मातीत मँगनीज असतं, त्यामुळे तेल भराभर सुकतं. कॅडमियमचे पिवळे-तांबडे सावकाश सुकतात, त्यांची टोपणं नुसत्या हाताने निघाली. पळस फुलायच्या आत नारिंगी हाती आला, याचा आनंद मोठा आहे.

तैलरंगातलं तेल म्हणजे आपल्याकडे धानाच्या बांधीत उतेरा म्हणून टाकतात त्या जवसाचं. ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन चिवट होतं. जलरंगात डिंक असतो, तो कोमट पाण्यात सुटतो. सुकलेल्या तेलाचा पापुद्रा पाण्याला दाद देत नाही. तरी गरम पाणी उपयोगी पडतं, कारण प्लॅस्टिकचं टोपण धातूच्या मानेपेक्षा जास्त प्रसरण पावतं. गंजात पाणी चांगलं तापवायचं, नळी उलटी धरून फक्त टोपण मिनिटभर बुडवायचं, पुसून लगेच फिरवायचं. थंड झालं की पुन्हा आवळतं.

सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की पक्कड घसरत नाही. दुसऱ्या हाताने नळीचा खांदा धरा, पोट नको. सेरुलियनच्या (आकाशी निळ्याच्या) नळीच्या खांद्यापाशी पत्र्याला पीळ दिसायला लागला तसा मी हात आवरला, पुन्हा गरम केलं. आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग उलटं. कर्रकन आवाज आला आणि आट्यांतून वाळलेल्या निळ्याची कपची गळून पडली. आतला रंग लोण्यासारखा मऊ.

आगीवर नळी धरू नका. आतला रंग तापून फसकन उडतो.

उन्हाळ्यात टिनाखालच्या खोलीत तेल वेगळं होऊन आट्यांत उतरतं, म्हणून खोका आता मातीच्या भिंतीच्या खोलीत हलवलाय. उघडलेल्या प्रत्येक नळीचे आटे चिंधीने पुसून व्हॅसलीनचं बोट फिरवलं.

अंबर आता मागून उघडणार. 1841 मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तैलरंगाची नळी बहुधा मऊ पत्र्याचीच. त्यामुळे बुडाची घडी सहज उलगडते आणि पकडीने परत चेपताही येते. व्हिरिडियनला आणखी एकदा गरम पाणी देऊन बघतो, नळी जवळजवळ भरलेली आहे.