न्यूरीच्या वाटेवर

आयर्लंडमधल्या डंडॉकहून न्यूरीला गाडीने वीसेक मिनिटं लागतात. मध्ये देशाची सीमा आहे, पण चौकी नाही. वेगमर्यादेच्या पाट्या मैलांत दिसू लागल्या की समजायचं, उत्तर आयर्लंड, म्हणजे ब्रिटनचा भाग आला. आठवडाभर डंडॉकमध्ये मी छोट्या कंपन्यांचे रिटर्न भरते आणि शनिवारी किराणा आणायला पलीकडे जाते. डोंगर तेच, पाऊस तोच. कंपनीच्या नफ्यावर कर मात्र इकडे 12.5 टक्के, तिकडे 25 पर्यंत.

आयर्लंडने हे एका दिवसात केलं नाही. 1956 पासून निर्यातीच्या नफ्यावर सूट, मग कारखान्यांना 10 टक्के आणि 2003 पासून 12.5. ॲपल 1980 मध्येच आयर्लंडच्या कॉर्क शहरात आली. हे सगळं बेलफास्टवाल्यांच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या राजधानीतल्या सरकारच्या, डोळ्यांसमोर घडत होतं. शेवटी 2015 मध्ये लंडनने कायदा करून त्यांना स्वतःचा दर ठरवायची मुभा दिली. एप्रिल 2018 पासून तिथेही 12.5 करायचं ठरलं.

पण अट अशी, की दर उतरवल्याने जो कर बुडेल तेवढी रक्कम लंडनहून येणाऱ्या अनुदानातून कापायची. शाळा आणि दवाखाने चालतात ते त्याच अनुदानावर. न्यूरीतल्या माझ्या नेहमीच्या दुकानातल्या बाई आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख कधी येते म्हणून वाट बघतायत. कंपन्या येतील तेव्हा येतील, कात्री मात्र आजच लागणार! जानेवारी 2017 मध्ये तिथलं सरकार कोसळलं आणि तो दर कधी लागूच झाला नाही. 2023 मध्ये तर ब्रिटनने स्वतःचा दर 19 वरून 25 वर नेला.

सांगलीहून दादा फोनवर म्हणाला, "म्हणजे तुम्ही जिंकलात की!"

मला तसं म्हणवत नाही. 2023 मध्ये इथल्या कंपनीकरातला निम्म्याहून जास्त पैसा फक्त दहा कंपन्यांकडून आला. त्यातल्या एकीने जरी हिशोब दुसऱ्या देशात हलवला, तरी आमच्या अर्थसंकल्पाला खिंडार पडेल. 2024 पासून 75 कोटी युरो किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या समूहांना 15 टक्के लागू झाले, तरी त्यांची पळापळ झाली नाही. माझ्या मते त्यांना इथली माणसं, युरोपची बाजारपेठ आणि वर्षानुवर्षं न हललेला नियम हवा होता, नुसता स्वस्त दर नव्हे. त्याच वर्षी सरकारने पुढच्या पिढीसाठी पैसा बाजूला टाकायला फ्युचर आयर्लंड फंड काढला. दादाला मी तेच सांगितलं: मला अभिमान वाटतो तो त्या फंडाचा.