गाइडेड बाय व्हॉइसेस क्रमाने: ‘एलियन लेन्स’पर्यंत मजल

मंडळी, गाइडेड बाय व्हॉइसेस या अमेरिकन इंडी रॉक बँडचे अल्बम ओळीने ऐकतोय, त्यातला 1992 ते 1995 हा पट्टा ऐकून संपला. नियम जुनेच: अल्बम निघाले त्याच क्रमाने ऐकायचे, शफल बंद, आवडलं नाही म्हणून गाणं ओलांडायचं नाही. एवढा पसारा बघून ज्यांना धडकी भरते, त्यांनी सुरुवातीचे अल्बम सोडून थेट ‘प्रोपेलर’ लावला तरी चालेल. 1986 च्या ‘फॉरएव्हर सिन्स ब्रेकफास्ट’मध्ये आर.ई.एम. या दुसऱ्या अमेरिकन रॉक बँडची छाप इतकी आहे की गाइडेड बाय व्हॉइसेसचा गायक-गीतकार रॉबर्ट पोलार्ड त्यात शोधावाच लागतो.

‘प्रोपेलर’ (1992) मात्र मागची गोष्ट माहीत असेल तर जास्त भिडतो. ओहायोतलं डेटन शहर. पोलार्ड शाळेत चौथीचा वर्ग शिकवणारा, वय पस्तिशीच्या घरात. पदरमोड करून काढलेले अल्बम कुणी विकत घेत नव्हतं, डोक्यावर कर्ज. आता हा शेवटचा, असं ठरवून काढलेला हा अल्बम. प्रती फक्त 500, प्रत्येकीचं कव्हर हाताने केलेलं आणि वेगळं. त्यातली एखादी प्रत आज विक्रीला आली की हजारो डॉलर मोजावे लागतात. सुरुवातीलाच ‘जी-बी-व्ही! जी-बी-व्ही!’ असा, बँडच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा, गर्दीचा घोष ऐकू येतो. तो बँडनेच बनवलेला. गर्दी होती कुठे तेव्हा? पुढे खरोखरची गर्दी तोच घोष करायला लागली. आणि शेवटचा म्हणून काढलेल्या याच अल्बममुळे क्लीव्हलंडच्या स्कॅट रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीचं लक्ष त्यांच्याकडे गेलं.

‘व्हॅम्पायर ऑन टायटस’ (1993) इअरफोनवर ऐकू नका, डोकं उठतं. स्पीकरवर, आवाज जरा कमी ठेवून, बरा वाटतो.

सगळ्यात जास्त रेंगाळलो ते ‘बी थाउजंड’वर (1994). 20 गाणी, जेमतेम 36 मिनिटं. तळघरात, गॅरेजमध्ये, फोर-ट्रॅक, म्हणजे चारच ट्रॅक रेकॉर्ड करणाऱ्या साध्या कॅसेट मशीनवर केलेलं रेकॉर्डिंग. पहिल्याच गाण्यात मध्येच गिटार गायब होते आणि परत येते, तेही तसंच ठेवलंय. पण याला निष्काळजीपणा म्हणणाऱ्यांनी गाण्यांचा क्रम नीट ऐकावा. जुन्या कॅसेटमधले तुकडे उचलून नव्या गाण्यांना जोडायची पोलार्डची पद्धत, आणि या अल्बमची यादी त्याने पुन्हापुन्हा मोडून लावली होती. त्याचं खरं कसब मला तरी या निवडीतच दिसतं. गाणं अंगात भिनायला लागतं तेवढ्यात संपतं, आणि पुढचं त्याच्या शेपटीला धरूनच येतं. गोंगाटाच्या मधोमध बँडचा दुसरा गीतकार टोबिन स्प्राउटचं ‘ऑफुल ब्लिस’ येतं तेव्हा कान निवतात. स्प्राउटला मिळायला हवी तेवढी दाद मिळत नाही, हे माझं तुणतुणं चालूच राहील.

मग ‘एलियन लेन्स’ (1995), मॅटाडोर रेकॉर्ड्सवर. 28 गाणी, 41 मिनिटं. कंपनीने जवळपास लाखभर डॉलर दिले आणि रेकॉर्डिंगला खर्च आला दहा डॉलर, असं सांगतात. इथे एक प्रयोग जरूर करा. यातलं ‘गेम ऑफ प्रिक्स’ ऐका, दीड मिनिटाचं आहे. लगेच त्याच वर्षीच्या ‘टायगरबॉम्ब’ ईपीवरचं (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) तेच गाणं लावा. तिथे ते स्टुडिओत नव्याने केलंय: ड्रम्स स्वच्छ, लांबीही जास्त. बऱ्याच जणांना तेच आवडतं. माझं मत पहिल्याला. त्यातली घाई दुसऱ्यात उरत नाही.

आता ‘अंडर द बुशेस अंडर द स्टार्स’ (1996). त्यानंतर जुना संच फुटतो, 1997 ला कोब्रा व्हर्डे या दुसऱ्या बँडची मंडळी येतात, 1999 ला निर्माता म्हणून ‘द कार्स’ बँडचा रिक ओकासेक. 31 डिसेंबर 2004 ला शिकागोत निरोपाचा कार्यक्रम होतो, 2010 ला जुना संच पुन्हा जमतो, 2014 ला थांबतो, 2016 ला बँड परत उभा राहतो. 2017 चा ‘ऑगस्ट बाय केक’ तर पोलार्डचा शंभरावा अल्बम. त्याचे एकट्याचे अल्बम या रांगेत मधे घुसवायचे की वेगळे ठेवायचे, ते अजून ठरत नाहीये. कुणी दोन्ही करून पाहिलं असेल तर सांगा.