उसगावच्या खडकांत प्लॅटिनम असेल का?

फोंडा तालुक्यातील उसगाव आणि बोंडला परिसरात गडद, जड अग्निजन्य खडकांचा एक थरयुक्त समूह आहे. गोव्यात खनिज म्हटले की लोह आणि मँगनीजच आठवते, त्यामुळे त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ज्यांचे जाते, ते मात्र हमखास विचारतात की तिथे प्लॅटिनम मिळेल का. प्रश्न रास्त आहे, कारण जगातील बहुतेक प्लॅटिनम अशाच खडकांतून, मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या बुशव्हेल्ड समूहातून येते. परंतु नुसते थर असून भागत नाही.

सुमारे 205 कोटी वर्षांपूर्वी बुशव्हेल्डमध्ये पृथ्वीच्या कवचात घुसलेला शिलारस सावकाश थंड झाला आणि ऑलिव्हीन, क्रोमाइट, पायरोक्झीन, प्लॅजिओक्लेज या खनिजांचे थर एकावर एक साचत अनेक किलोमीटर जाडीचा समूह तयार झाला. भूशास्त्रज्ञ हान्स मेरेन्स्की यांच्या शोधामुळे 1924 साली प्रकाशात आलेला आणि त्यांचेच नाव मिळालेला प्लॅटिनमचा थर त्यात जेमतेम मीटरभर जाडीचा असला, तरी शेकडो किलोमीटर सलग मागोवा घेता येण्याजोगा आहे. मूळ शिलारसात शंभर टनांमागे ग्रॅम-दोन ग्रॅम असणारा धातू या थरात टनामागे काही ग्रॅम इतका कसा झाला, हा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर गंधकात आहे. शिलारसाची गंधक विरघळवून ठेवण्याची क्षमता संपली, की सल्फाइडचे, म्हणजे गंधक आणि धातूंच्या संयुगाचे, द्रव थेंब पाण्यातल्या तेलाप्रमाणे वेगळे होतात, आणि प्लॅटिनम, पॅलॅडियम हे धातू उरलेल्या सिलिकेट रसापेक्षा, म्हणजे मुख्य शिलारसापेक्षा, या थेंबांत हजारो ते लाखो पटींनी अधिक ओढले जातात. तरीही थेंब किती रसाच्या संपर्कात आला, यावर सारे अवलंबून असते. नव्या शिलारसाची भर पडून तो साठलेली भूगर्भातली कोठी ढवळली गेली, तर मूठभर सल्फाइड प्रचंड रसातला धातू गोळा करते. उलट सल्फाइड वाटेतच, खोलवर वेगळे झाले, तर धातू तिथेच राहतो आणि वर येणारा शिलारस रिकामा असतो. खालच्या थरांतून वर चढलेल्या क्लोरीनयुक्त द्रवांनी धातू वाहून आणला, असे मानणारे अभ्यासकही आहेत. मला मात्र इतक्या लांबवर एकाच पातळीत सापडणाऱ्या थरासाठी पहिले स्पष्टीकरण अधिक पटते.

आता उसगावकडे. गोव्याचा हा खडकांचा पट्टा कर्नाटकातील शिमोगा पट्ट्याचा वायव्येकडील विस्तार मानला जातो, आणि त्या पट्ट्यात हनुमलापूर येथे प्लॅटिनम गटातील धातू आढळले आहेत. त्यामुळे आशा अगदीच निराधार नाही. मात्र जांभ्याखाली झिजलेल्या आपल्या खडकांत पृष्ठभागाजवळचे सल्फाइड केव्हाच गंजून गेलेले असते, त्यामुळे रस्त्याकडेचा दगड उचलून काहीच ठरत नाही. छिद्रण करून ताजे नमुने काढावेत, त्यांत नव्या शिलारसाची भर पडल्याच्या खुणा आणि सल्फाइड असलेला थर शोधावा, आणि मगच धातूचे मोजमाप करावे.