कोणालाही परत न पाठवणारी शाळा

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात अमेरिकेतल्या सरकारी शाळा 'अमेरिकन एज्युकेशन वीक' साजरा करतात. पहिल्या महायुद्धात सैन्यात घेतलेल्या तरुणांपैकी साधारण २५ टक्के निरक्षर निघाले. ते पाहून नॅशनल एज्युकेशन असोसिएशन ही शिक्षकांची संघटना आणि अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना एकत्र आल्या आणि १९२१ साली हा आठवडा सुरू झाला. शाळेची काळजी फक्त मास्तरांनी वाहायची नसते, सगळ्या गावाने वाहायची असते, हे लोकांना दिसावं एवढाच हेतू.

मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या छोट्या गावात या आठवड्यात पालकांना वर्गात येऊन बसता येतं. लेक तिसरीत आहे. मी गेले तेव्हा अपूर्णांक चालू होते. प्रत्येकाला कागदाच्या पट्ट्या दिल्या होत्या; घडी घालून अर्धा, पाव, एक-अष्टमांश करायचा. लेकीच्या टेबलावर ब्राझीलहून नुकताच आलेला एक मुलगा होता, अजून पोर्तुगीजच बोलणारा. इंग्रजी शिकवणाऱ्या बाई त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसल्या होत्या आणि एकेका घडीला एकेक शब्द सांगत होत्या. त्याच्या समोर चाकांच्या खुर्चीतली एक मुलगी. तिची मदतनीस पट्टी नुसती धरून ठेवायची. घडी मात्र ती मुलगी स्वतः मनगटाने दाबून घालायची. वेळ लागत होता. कोणी घाई केली नाही. तिची आठ घरं पडली तेव्हा माझ्या लेकीने आपली पट्टी तिच्या पट्टीला लावून बघितली आणि दोघी पुढच्या गणिताकडे वळल्या.

हे एका भल्या शाळेचं औदार्य आहे असं समजू नका. या प्रत्येक मुलामागे कायदा उभा आहे. अपंग मुलांना सरकारी शाळेत मोफत आणि त्यांना साजेसं शिक्षण मिळालंच पाहिजे, असा कायदा १९७५ साली झाला. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला नुसतं वर्गात बसवून ठेवणं म्हणजे शिकवणं नव्हे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७४चा, सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यातला. आणि आईवडिलांकडे कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवता येणार नाही, हे १९८२ साली ठरलं. लेकीचं नाव घालताना आम्हाला राहत्या पत्त्याचा पुरावा, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद मागितली. व्हिसा कोणी विचारला नाही. देणगी नाही, मुलाखत नाही, फी नाही.

पैसा कुठून येतो? मोठा वाटा घरपट्टीतून. म्हणून श्रीमंत गावांच्या शाळा सुस्थितीत आणि गरीब गावांच्या ओढगस्तीत, हा इथला खरा अन्याय आहे. १९९३च्या सुधारणांनंतर राज्य सरकार गरीब गावांना जास्त निधी देतं, तरी दरी बुजलेली नाही. शिवाय १९८० साली लोकांनीच मत देऊन घातलेला एक नियम आहे: गावाला घरपट्टीची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा फारशी वाढवता येत नाही. शाळेला जास्त लागलं तर गावाचं मतदान घ्यावं लागतं. आमच्या शेजारच्या आजींची नातवंडंही कॉलेजात आहेत, पण मागच्या खेपेला त्यांच्या अंगणात वाढीच्या बाजूचा फलक होता. त्या निवृत्तिवेतनावर राहतात आणि तरी स्वतःची घरपट्टी वाढवून घ्यायला तयार होत्या. मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो.

घरी फोन केला की मावशी अजून विचारते, 'सरकारी शाळा? चांगल्या शाळेत नाही का घातलं पोरीला?' तिचा प्रश्न मला कळतो. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, पुढे रयतच्या हायस्कुलात. कर्मवीरांनी १९१९ साली रयत काढली ती आमच्यासारख्यांसाठीच. त्याआधी दोन वर्षं शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. या वाटेवर आपण काही उशिरा आलेले लोक नाही. पण माझ्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांची मुलं आज इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत आहेत आणि गावच्या शाळेचा पट रोडावत चाललाय. ज्यांचा शब्द पंचायतीत चालतो त्यांचीच पोरं तिथे नाहीत, तर गळक्या छपरासाठी भांडणार कोण? आमच्या इथे डॉक्टरचा मुलगा आणि रंगकाम करणाऱ्याची मुलगी एकाच वर्गात आहेत, त्यामुळे छप्पर गळलं की दोघांचेही आईबाप सभेला येतात.

या आठवड्यातला बुधवार मला सगळ्यात आवडतो. १९८७पासून तो शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा दिवस आहे. बसचालक, जेवण वाढणाऱ्या बाया, झाडलोट आणि डागडुजी करणारे काका, वर्गातल्या मदतनीस, सगळ्यांना मुलं हाताने केलेली कार्डं देतात. लेकीने त्या चाकांच्या खुर्चीतल्या मैत्रिणीच्या मदतनीसबाईंसाठी केलं होतं. वर दोघींचं नाव.

याच मदतनीसांच्या जागा कमी करायचा प्रस्ताव येत्या अंदाजपत्रकात आहे. नागरिक नसल्यामुळे आम्हाला मत नाही, पण अंदाजपत्रक मंजूर करण्याआधी शाळा समितीला जाहीर सुनावणी घ्यावीच लागते आणि तिथे पालकांना बोलता येतं. मी नाव नोंदवलंय. त्या ब्राझीलच्या मुलाची आई पण येणार आहे. तिचं म्हणणं ती पोर्तुगीजमध्ये मांडेल, दुभाषी शाळाच देणार आहे.