गळ काढा, चिमटा घाला: आमच्या गाडीतलं इमर्जन्सी किट

आमचं काम सोलर पंप बसवायचं. सोलापुरातनं पिकअप निघते ती मंगळवेढा, सांगोला, करमाळा, लिस्टमध्ये ज्याचं नाव असंल त्याच्या रानात. साहेबांनी ऑनलाइन एक सर्व्हायव्हल किट मागवून गाडीत टाकलेलं, हातात मावेल एवढी डबी. आत चकमक, होकायंत्र, दोरी, मासे धरायचा गळ आणि एक चकाकणारं ब्लँकेट. ड्रायव्हर म्हणला, "गळ कशाला बे, माण नदीला पाणी तर यिऊ दे आधी."

मग तो मे महिन्यातला दिवस. सांगोल्याच्या पुढं डाळिंबाच्या बागेला लागून साइट होती, स्ट्रक्चर उभं करून आम्ही सोलरच्या प्लेटा चढवत होतो. दुपारी हेल्पर पोरगं पाना मागितला की वायरची गुंडाळी द्यायला लागलं, आधी वाटलं मस्करी करतंय, मग गाडीलाच टेकून उभा राहून विचारतंय गाडी कुठं गेली. हात लावला तर अंग नुसतं भाजत होतं. शर्ट घामानं चिंब. शेतमालक काका म्हणाले, "घाम येतोय की, म्हणजे ऊन नाही लागलेलं." पण अंगमेहनत करणाऱ्याला घाम येत असतानाच उष्माघात होऊ शकतो, माणूस बरळायला लागला की समजायचं डोक्यापर्यंत गेलंय.

लिंबाखाली आडवा केला, शर्ट काढला, काकांच्या शेततळ्यातनं बादल्या आणून अंगावर ओतत राहिलो, गाडीतले दोन सोलापुरी टॉवेल भिजवून मानेला, काखेत, जांघेत, आणि ड्रायव्हर प्लेटांच्या बॉक्सचा पुठ्ठा घेऊन वारा घालतोय. काकू क्रोसिन घेऊन आल्या, नको म्हणलं, ह्या तापावर ती गोळी चालत नाही. पाणीपण पाजू दिलं नाही, शुद्धीत नसलेल्याच्या ते श्वासनलिकेत जातं.

108 लावायला गेलो तर माझा मोबाइल प्लेटेवर राहिलेला, तापून वॉर्निंग देऊन बंद पडलेला. काकांच्या फोनला एक दांडी रेंज. पत्ता काय सांगणार, गट नंबर? तेवढ्यात सावलीत ठेवलेला माझा फोन चालू झाला, मॅपवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे येतात ते वाचून दाखवले. नेट नसलं तरी जीपीएस चालतं हे लई जणांना माहीत नसतंय. अँब्युलन्स येईपर्यंत ओतायचं थांबलो नाही. पोरगं वाचलं, आता परत कामावर हाय, फक्त दुपारी 12 ते 4 प्लेटांना कुणीच हात लावायचा नाही असं ठरलंय.

त्या दिवशी साहेबांच्या डबीतली एकपण वस्तू कामाला आली नाही. ब्लँकेट तर अंगातली उष्णता धरून ठेवायला असतं, आमच्या नेमकं उलट्या कामाचं. मग आम्हीच नवीन किट भरायला बसलो आणि माझं म्हणणं एकच होतं, वस्तीवर जे मागितलं की मिळतं ते घ्यायचंच नाही. दोरी, काडीपेटी, तार, विळा कुठल्याही गोठ्यावर सापडतंय. सापडत नाही ते ओआरएस, निर्जंतुक गॉज, क्रेप बँडेज, बारीक टोकाचा चिमटा (बाभळीचा काटा ज्याला मोडलाय त्याला कळंल), छोटी टॉर्च, शिट्टी.

ओआरएसची मोठी पुडी 1 लिटर पाण्याला असते, आम्ही 200 मिलीच्या बारक्या घेतल्या, तांब्याभर पाण्यात अंदाजानं अर्धी पुडी टाकायची भानगड नको. खोक्यातली गोड सरबतं नाही घेतली, डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेलीच पुडी घ्यायची. खाण्यापिण्याच्या मालावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी एफएसएसएआयनं 2025 च्या ऑक्टोबरात असल्या सरबतांवर ओआरएस लिहायला बंदी घातली ती काय उगाच नाही.

साप चावला तर म्हणून ड्रायव्हरला ब्लेड आणि आवळायला रबर पाहिजे होतं. तिथं आमचं वाजलं. चिरायचं नाही, आवळायचं नाही, पाय हलू न देता दवाखाना गाठायचा, विषावरचं इंजेक्शन तिथंच मिळतं. क्रेप बँडेज फळी बांधायला हाय, ब्लेड नाही ठेवलं.

हे सगळं चष्म्याच्या कडक केसमध्ये बसलं. पण सोलापूरचं ऊन वेगळंच गिऱ्हाईक, बंद गाडीत चिकटपट्टीचा गोंद वितळून सगळ्याला लागतो, पॉवर बँक आणि लायटर तर डॅशबोर्डवर ठेवायचेच नाहीत. म्हणून केस गाडीत नाही, ज्याच्या पाठीला सॅक त्याच्याकडं. पाणी मात्र कुठल्याच किटमध्ये मावत नाही, 20 लिटरचा जार वेगळा आणि तो प्यायचा सोडून हातपाय धुवायला कोण वापरतंय ह्यावरनं आमची रोज भांडणं.

गळ ड्रायव्हरनं घरी नेला. उजनीला जाणार म्हणतोय.