रात्री दोन वाजता 'शूऽऽ'

हिवाळ्यात कॅलगरीत रात्रीचे दोन वाजतात तेव्हा आमच्या लातूरकडं दुपारचे अडीच झालेले असतात. आई जेवणं उरकून ओसरीवर ज्वारी निवडत बसलेली असते. मी इकडं अंगावर शाल गुंडाळून बाथरूमच्या दारात उकिडवी बसलेली, आणि समोर एक किलोचं पांढरं पिल्लू शूसाठी अंथरलेल्या पॅडभोवती गोल गोल फिरतंय.

"काय करायलीस गं एवढ्या रातीचं?"

"लाहीला शू करायला आणलंय."

पलीकडं सुपाचा आवाज थांबला. "कुत्र्याला?"

आईचं नवल मला समजत होतं. आमच्या चाकूर तालुक्यात कुत्रं म्हणजे कारवानी. जानवळची कारवानी कुत्री नावाजलेली. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, सशामागं सुटलं की नुसता धुरळा दिसायचा. आमच्या शेतातल्या आखाड्यावरही एक होतं. भाकरीचा तुकडा दाराबाहेर खायचं, आणि उंबऱ्याच्या आत त्यानं जन्मात पाय ठेवला नाही. ते कुठं मुततं, हा प्रश्न घरात कुणाला पडलाच नाही. सगळं रान त्याचंच होतं.

लाहीला रान कुठून आणू? ती माल्टीज जातीची. पूर्ण वाढली तरी तीन किलोच्या आसपास राहणार. घर सातव्या मजल्यावर, ती आली नोव्हेंबरात, आणि बाहेर सगळा बर्फ. शिवाय सोळा आठवड्यांपर्यंत लसीचे डोस पुरे होत नाहीत. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून जिथं दुसरी कुत्री फिरतात तिथं तिला खाली सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे जे काय शिकवायचं ते घरातच. आणि घर भाड्याचं, बेडरूममध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. तो खराब झाला तर डिपॉझिटवर पाणी.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, पिल्लू मुद्दाम करतंय. आत्ता पॅडवर ठेवलं, काही केलं नाही, उचलून सोफ्याजवळ ठेवलं की तिथं डबकं. मग हिशेब कळला. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा. साधारण तितके तास ते दम धरू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. पण हा हिशेब ढोबळ. लाहीसारख्या इवल्याशा जातीची मूत्राशयाची पिशवीही इवलीशीच, जागेपणी तासालासुद्धा न्यावं लागतं. त्यात या पिल्लांची रक्तातली साखर पटकन उतरते, म्हणून दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्यायचं. चारदा खाणार म्हणजे चारदा बाहेर येणार. झोपून उठली की न्यायचं, खाल्ल्यावर थोड्या वेळानं न्यायचं, खेळून दमली की न्यायचं. मध्येच खेळ सोडून जमीन हुंगत गोल फिरायला लागली तर हातातलं काम टाकून उचलायचं. पाणी मात्र तोडायचं नाही. मी एकदा ते करून पाहिलं आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

तिच्यासाठी जाळीचं छोटं कुंपण केलं. एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला पॅड. कुत्रं आपल्या निजायच्या जागेवर घाण करायचं टाळतं, त्याच स्वभावाचा फायदा घ्यायचा. आईला ते कुंपण बिलकूल आवडलं नाही. "कोंडवाड्यात घातलंय लेकराला," म्हणाली. कुत्र्याचं लेकरू कधी झालं, ते मी विचारलं नाही.

घोळ झाला तो वाकळेवरून. आईनं जुन्या लुगड्यांची शिवून दिलेली वाकळ मी इथं सोफ्यासमोर अंथरते. लाहीनं पॅड सोडून पाच दिवसांत तीनदा तीच भिजवली. मला रडूच आलं. त्या वाकळेत आजीची दोन लुगडी आहेत. नंतर उमगलं की चूक माझीच. पॅड म्हणजे काय? पायाखाली मऊ लागणारं, ओल शोषून घेणारं कापड. पिल्लाला जागेपेक्षा पायाखालचा स्पर्श जास्त लक्षात राहतो. मी तिला शिकवलं होतं की मऊ कापडावर करायचं, आणि घरातलं सगळ्यात मऊ कापड आईनं शिवलेलं! वाकळ धुऊन कपाटात गेली, पायपुसणीही गेली.

तिसऱ्यांदा भिजवली तेव्हा मी जोरात ओरडले होते. मामानं तर फोनवर सांगितलं होतं, "नाक घास त्यात, पुन्हा करणार नाही." ते मी केलं नाही, पण ओरडण्यानंही व्हायचं ते नुकसान झालं. लाही मुतायची थांबली नाही, माझ्यासमोर मुतायची थांबली. सोफ्यामागं जाऊन गुपचूप करायला लागली. पॅडवर नेलं तर माझ्या तोंडाकडं बघत ताटकळायची. तिच्या डोक्यात एवढंच बसलं की ही बाई बघत असताना करायचं नाही.

हे रडगाणं ऐकून आई म्हणाली, "अगं, मग तू शू म्हणत न्हाईस का?"

भावाला गेल्या वर्षी मुलगा झाला. आई अंगणात पाय पसरून बसते, दोन्ही पावलांवर नातवाला बसवते आणि "शूऽऽ" करते. आम्हा तिघा भावंडांना तिनं असंच बसवलं. लेकरू करायला लागलं की त्याच वेळी शू, रोज, न चुकता. महिन्या-दोन महिन्यांत उलटं होतं: आधी शू ऐकू येतं, मग लेकरू करतं. इथं कुत्रं शिकवणारे लोक हेच सांगतात, फक्त त्याचे पैसे घेतात. एक ठरलेला शब्द, ठरलेली जागा, आणि काम झाल्याबरोबर बक्षीस.

मग मीही रात्री दोनला बाथरूमच्या दारात शूऽऽ करू लागले. सुरुवातीला ती करायला लागली की शू. झालं की दोन सेकंदांच्या आत तोंडात खाऊ, हरभऱ्याच्या डाळीएवढा. उशीर केला तर ती कुठल्या गोष्टीचं बक्षीस समजेल याचा नेम नाही. आमचं घर माळकरी, म्हणून चिकनऐवजी उकडलेलं गाजर. आईनं बेदाणे सुचवले होते. तुम्हीही चुकून देऊ नका: द्राक्ष, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आईची दुसरी काळजी पाण्याची. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हापासून ती बादल्या मोजते. "दिवसाला किती बादल्या धुण्यात जायलेत?" एकही नाही, आई. आधी कागदानं टिपून घ्यायचं, मग वास मुळापासून मोडणारं एन्झाइमचं द्रावण ओतायचं आणि भिजू द्यायचं. वास उरला तर पिल्लू पुन्हा तिथंच येतं. आपल्याला येत नसला तरी त्याला येतो. लातुरातल्या माझ्या मैत्रिणीनं पामेरियन आणलंय आणि ती दिवसातून तीनदा फिनाईलनं पुसते. फिनाईलनं वास फक्त झाकला जातो, आणि पंज्यांना लागलेलं कुत्रं चाटतं. तिला मी पॅडचाही नाद सोडायला लावला. तिच्याकडं मोरी आहे. मोरीजवळची फरशी गादीसारखी लागत नाही, त्यामुळं पिल्लाचा घोटाळा होत नाही. मला इथं मोरी मिळाली असती तर आजीची लुगडी वाचली असती.

लाही आता सहा महिन्यांची होत आलीय. थंडी ओसरल्यावर बाहेरही जाते, पण हवा बिघडली की तिला पॅड आठवतो. चुका होतात. पाहुणे आले की आनंदानं जागच्या जागी दोन थेंब सांडतात, त्याला इलाज वयच.

परवा रात्री आईचा व्हिडिओ कॉल चालू होता. फोन टेबलावर, लाही सोफ्यावर गाढ. तिकडं आईनं नातवाला पावलांवर घेतलं आणि म्हणाली, "शूऽऽ."

लाही ताडकन उठली. सोफ्यावरून उडी मारून पॅडवर गेली, बसली, केलं, आणि खाऊसाठी माझ्याकडं बघत उभी राहिली. मी गाजर आणायला पळाले.

"आमचं अजून बसलंय," फोनमधून आई म्हणाली. "तुमचं झालं का?"